तीन-चार हजारांत आईसबॉक्स: पैसे नेमके कशाला मोजायचे

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून सहा जण, त्यात दोन लहान मुलं, मेच्या पहिल्या आठवड्यात दापोलीकडे निघणार. कर्द्याच्या आसपास दोन रात्री तंबूत राहायचं, गळ टाकून थोडी मासेमारी करायची आणि येताना हर्णैच्या बंदरावरून मासळी घेऊन घरी यायचं. आईसबॉक्ससाठी तीन ते चार हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. एक मित्र सांगतो, घ्यायचा तर येतीसारखा जाड भिंतींचा परदेशी घ्या, बाकीच्यांवर पैसे घालवू नका. दुसरा सांगतो, मासळी बाजारातला थर्माकोलचा खोका उचला, काम भागतं. कुणाचं ऐकायचं? आणि जुनी पेटी स्वस्तात मिळत असेल तर घ्यावी का?

मी कोकण किनाऱ्यावर गळाची मासेमारी करतो आणि लोकांना कॅम्पला घेऊन जातो, त्यामुळे बर्फ, पेटी आणि मासळी हा माझा रोजचा विषय आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो: तुमच्या पैशांत तुमचं काम उत्तम होतं. साधारण ४५ ते ५० लिटरची, भिंतीत आणि झाकणातही पफ (उष्णता अडवणारा पॉलियुरेथेन फोम) भरलेली देशी पेटी घ्या. सोबत पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्यांसाठी थर्माकोलचा एक खोका ठेवा. पैसे उरले तर बर्फाला लावा. असं का, ते आता सविस्तर सांगतो, म्हणजे दुकानात उभं राहून तुम्हाला स्वतःला ठरवता येईल.

पहिल्या मित्राचा सल्ला कुठून येतो ते आधी बघू. येती ही टेक्सासमधल्या ऑस्टिनची कंपनी, २००६ साली सुरू झालेली. मासेमारी आणि शिकारीचं वेड असलेल्या दोन भावांनी ती काढली. इंटरनेटवर आईसबॉक्सबद्दलचा बहुतेक सल्ला अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचा असतो. त्यांची गरज खरी आहे. हरीण मारल्यावर चाळीस-पन्नास किलो मांस गाडीच्या मागे टाकून शेकडो मैल जायचं, वाटेत बर्फ मिळेलच असं नाही आणि मुक्कामाच्या जागी अस्वलं. म्हणून त्या पेट्यांच्या भिंती जाड, कड्या दणकट आणि अस्वलालाही उघडता येणार नाही अशी प्रमाणपत्रं. पंचेचाळीसच्या मापाच्या अशा पेटीला तिथेच तीनशे डॉलरच्या वर मोजावे लागतात. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आल्यापासून शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही, आणि तो कायदा आहे हे चांगलंच आहे. आपल्याकडे पेटीत येते ती मासळी. शिवाय तुम्ही ज्या हर्णैला जाताय ते मासळीचं बंदर आहे, तिथे बर्फ मिळतो. वाटेत बर्फ मिळणं आणि न मिळणं, पेटी निवडताना सगळ्यात मोठा फरक याच एका गोष्टीने पडतो.

आता थोडं गणित. ते एकदा समजलं की जाहिराती वाचायची गरज पडत नाही.

एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. पेटीच्या भिंतींतून रोज किती उष्णता आत शिरते हे कळलं की रोज किती किलो बर्फ जाणार हे कळतं. पन्नास लिटरच्या पेटीचा सगळ्या बाजूंचा मिळून पृष्ठभाग साधारण ०.९ चौरस मीटर धरा. बाहेर ३२ अंश, आत २ अंश, म्हणजे फरक ३० अंशांचा. भिंतीत ३ सेंटिमीटर पफ असेल तर दिवसाला साडेपाच-सहा किलो बर्फ वितळतो. पफ ५ सेंटिमीटर असेल तर साडेतीन किलो. २ सेंटिमीटरच असेल तर साडेआठच्या पुढे. आणि २ सेंटिमीटर जाडीचा थर्माकोलचा खोका असेल तर बारा किलोच्या आसपास. झाकणाच्या फटी, उन्हाचा तडाखा, गाडीच्या तापलेल्या पत्र्याची धग हे सगळं यावर वाढतं, पण तुलना अशीच राहते.

हे आकडे तुमच्या सहलीला लावून बघा. पुण्याहून पहाटे निघून तिसऱ्या दिवशी दुपारी हर्णैला पोचेपर्यंत साधारण सव्वादोन दिवस होतात. तेवढ्या वेळात ५ सेंटिमीटरची महागडी पेटी ३ सेंटिमीटरच्या देशी पेटीपेक्षा तुमचा पाचेक किलो बर्फ वाचवेल. पाच किलो बर्फाला शंभर रुपयेसुद्धा लागत नाहीत. त्यासाठी पंचवीस-तीस हजार जास्त द्यायचे का, याचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल. आठवडाभर होडीवर राहणारा किंवा बर्फाचं दुकान जवळपास नाही अशा ठिकाणी मुक्काम करणारा माणूस असेल तर मी वेगळं सांगेन. दोन रात्रींसाठी नाही.

दुसऱ्या मित्राच्या थर्माकोलचंही तेच गणित. बारा किलो रोज गेला तर सव्वादोन दिवसांना सत्तावीस किलो बर्फ, आणि तेवढा बर्फ भरल्यावर खोक्यात कोंबडी ठेवायला जागा कुठे? एका दिवसासाठी थर्माकोल चालतो, दोन रात्रींसाठी एकट्याच्या भरवशावर चालत नाही. हाताळायलाही नाजूक असतो. वाळूत ठेवला, त्यावर कुणी टेकलं की कोपरा तुटलाच. आणि ते पांढरे मणी वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर पसरले की वेचता येत नाहीत, सरळ समुद्रात जातात. म्हणून थर्माकोल नेलात तर बाहेरून रुंद चिकटपट्टी मारून न्या आणि आणलेला खोका परत घरी आणा. चांगल्या जाडीचा थर्माकोल हवा असेल तर मासळी बाजारापेक्षा औषधांच्या घाऊक दुकानात विचारा. लसी आणि थंड ठेवायची औषधं ज्या खोक्यांतून येतात ते जाड असतात, झाकण खाचेत घट्ट बसतं, आणि बरेच दुकानदार ते फुकट किंवा किरकोळ पैशांत देऊन टाकतात.

आता दुकानात गेल्यावर काय बघायचं.

सगळ्यात आधी झाकण. स्वस्त पेट्यांची चलाखी झाकणात असते. भिंतीत पफ भरलेला असतो आणि झाकण पोकळ, आत नुसती हवा. बोटाच्या पेराने आधी भिंतीवर टकटक करा, मग झाकणावर. भिंतीचा आवाज भरीव, ठस येईल. झाकणाचाही तसाच आला तर उत्तम. डब्यासारखा पोकळ आवाज आला तर ती पेटी खाली ठेवा, मग नाव कितीही मोठं असो. दुकानदाराला सरळ विचारा, 'झाकणात पफ आहे का?' ज्याला माल माहीत आहे तो लगेच सांगतो.

मग भिंतीची जाडी. पेटीवर ती क्वचितच लिहिलेली असते, पण मोजायला टेप पुरते. बाहेरची रुंदी मोजा, आतली मोजा, वजाबाकी करून निम्मं करा. तीन सेंटिमीटर आलं तर बरं, साडेतीन आलं तर छान, दोनच्या खाली आलं तर ती पिकनिकची पेटी, कॅम्पची नाही. मोजताना वरच्या कडेशी मोजू नका, तिथे बरेचदा भिंत फुगवलेली असते. हात आत घालून मध्यावर मोजा.

झाकण किती घट्ट बसतं हे बघायला कागदाचा एक कपटा घ्या, अर्धा आत अर्धा बाहेर ठेवून झाकण बंद करा आणि ओढा. अडकून ओढला गेला पाहिजे, सहज सुळकन निघाला तर तिथून गार हवा निघणार. चारही बाजूंना करून बघा, कारण बिजागरीच्या बाजूला बहुतेक पेट्या ढिल्या असतात. घरी आल्यावर मोबाइलचा टॉर्च लावून आत ठेवा, झाकण लावा आणि खोलीतला दिवा बंद करा. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथे दाराच्या फटीला लावायची फोमची पट्टी मिळते ती चिकटवा. काही रुपयांत पेटी सुधारते.

पाणी काढायचं बूच असलंच पाहिजे, आणि ते तळाशी टेकलेलं, रुंद, साखळीने किंवा पट्टीने पेटीला बांधलेलं. सुटं बूच वाळूत हरवतं आणि मग लाकडाचा तुकडा कापडात गुंडाळून ठोकत बसावं लागतं. चाकांच्या पेटीच्या मागे लागू नका. कोरड्या वाळूत ती छोटी चाकं रुततात आणि चाकांच्या खाचेमुळे तळाची जाडी कमी होते. दोन्ही बाजूंना दोरीचे किंवा भक्कम साच्यातले दांडे हवेत, कारण भरलेली पन्नास लिटरची पेटी पस्तीस-चाळीस किलोंपर्यंत जाते, दोघांनीच उचलायची असते. कडी असेल तर चांगलं, नसेल तर सामान बांधायचा पट्टा न्या. कोकणात अस्वलाची धास्ती नाही, पण रात्री कुत्री आणि सकाळी कावळे उघड्या झाकणाची वाटच बघत असतात. आणि एक गोष्ट काळजीने सांगतो: घरात लहान मुलं आहेत, तर रिकामी पेटी कधीही कडी लावून ठेवू नका. लपाछपीत मूल आत बसलं आणि कडी पडली तर हवा मिळत नाही.

नावांबद्दल विचाराल तर नीलकमल, सिंटेक्स अशा कंपन्या मासळी व्यवसायासाठी पफच्या पेट्या बनवतात. दिसायला त्या ओबडधोबड, बहुतेक निळ्या, पण कोळी बांधव आणि मासळी विक्रेते त्या वर्षानुवर्षं आपटतात, ओढतात, तरी टिकतात. मी पहिली पसंती अशा पेटीला देतो. त्या खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळत नाहीत, औद्योगिक प्लास्टिकच्या विक्रेत्यांकडे मिळतात, म्हणून शहरातल्या लोकांना माहीत नसतात. मिल्टन, सेलोच्या पेट्या घरगुती वापराला छान, पण वर सांगितलेली टकटक आणि टेप त्यांनाही लावा, कारण एकाच कंपनीच्या दोन मापांत झाकण वेगळं असू शकतं. कोलमनसारखी परदेशी पेटी सवलतीत बजेटमध्ये बसली तर जरूर घ्या. 'पाच दिवस बर्फ टिकतो' असं लिहिलेलं असलं, तरी तो दावा बर्फाने भरलेल्या पेटीचा, शेवटचा तुकडा शिल्लक असेपर्यंतचा असतो. तुमच्या पेटीत बर्फाच्या जागी निम्मं जेवण असणार, हे लक्षात ठेवा.

गाडीच्या सॉकेटवर चालणाऱ्या विजेच्या पेट्यांबद्दलही विचारणा होते. स्वस्तातल्या पेट्या बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशच खाली जातात. मेमध्ये उभ्या गाडीत चाळीसच्या पुढे तापमान असताना आत वीस-पंचवीस अंश राहिले तर त्यात दूधही टिकत नाही, मासळी तर दूरच. कंप्रेसरवाल्या पेट्या चांगल्या, पण त्या तुमच्या बजेटच्या कितीतरी पुढे आहेत.

पेटी घरी आली की निघायच्या आठवडाभर आधी तिची परीक्षा घ्या. दहा-बारा किलो बर्फ आत टाका, झाकण लावा, सावलीत ठेवा आणि बरोबर चोवीस तासांनी बूच काढून साचलेलं पाणी मोजा. जितके लिटर पाणी तितके किलो बर्फ एका दिवसात गेला. हा तुमच्या पेटीचा रोजचा खर्च. कुठल्याही जाहिरातीपेक्षा, माझ्या वरच्या गणितापेक्षाही हा आकडा खरा, कारण तो तुमच्या पेटीचा आहे. किनाऱ्यावर ऊन आणि धग जास्त, म्हणून त्यात एक-दीड किलो वाढवा आणि दिवसांनी गुणा. किती बर्फ न्यायचा याचा अंदाज बांधायची गरजच उरत नाही.

तुमच्यासाठी हा हिशोब साधारण पंधरा-सोळा किलोंवर येईल. सगळा बर्फ एकाच प्रकारचा नको. तळाला लादीचा मोठा तुकडा, कारण मोठा तुकडा हळू वितळतो आणि शेवटपर्यंत आधार देतो. मधल्या फटींत चुरा, कारण गारवा जिन्नसांना भिडतो तो चुऱ्यामुळे. मोठ्या राशीची ताकद किती असते याचं एक उदाहरण फार बोलकं आहे. १८३३ साली बॉस्टनहून टस्कनी नावाचं जहाज १८० टन नैसर्गिक बर्फ भुशात बांधून कोलकात्याला निघालं. चार महिने, विषुववृत्त दोनदा ओलांडून ते पोचलं तेव्हा १०० टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता. पुढे मुंबईतही असा बर्फ येई आणि त्यासाठी बर्फघर बांधलेलं होतं. पफ नव्हता, प्लास्टिक नव्हतं. होता तो भुसा, आणि एकमेकांना चिकटून रचलेल्या लाद्या. तुमच्या पेटीतही तेच करा: बर्फ सुटा पसरू नका, एकत्र ठेवा आणि मधे हवेच्या पोकळ्या राहू देऊ नका.

घरच्या फ्रीजमध्ये जमेल तेवढा बर्फ तयार करा. एक-दोन लिटरच्या बाटल्या नऊ दशांश भरा, कारण गोठताना पाणी फुगतं. तीन दिवस आधीपासून सुरुवात करा, घरगुती फ्रीजरला एकदम दहा लिटर पाणी गोठवणं झेपत नाही. या बाटल्यांचा मोठा फायदा म्हणजे वितळल्यावर तेच पाणी पिता येतं आणि पेटीत चिखल होत नाही. मसाला लावलेली कोंबडी, वाटण, मटणाचा रस्सा पिशवीत भरून चपटं गोठवा. तोही बर्फच आहे, शिवाय तो खाता येतो. पहिल्या रात्रीचं जेवण वर आणि दुसऱ्या रात्रीचं तळाला, अगदी बर्फाला चिकटून.

बाजारातला बर्फ घेताना रंग बघा. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळसर रंगाचा ठेवायचा नियम आहे. निळा बर्फ मासळी आणि बंद डबे गार ठेवायला. ग्लासात तो चुकूनही जाता कामा नये. बंदरावरचा बर्फ पांढरा दिसला तरी तो सरबतात घालू नका. मुलांना हे आधीच समजावून सांगा, कारण उन्हात खेळून आलेलं मूल पेटीतला तुकडा उचलून तोंडात घालतंच.

आता भरायच्या आधीची एक गोष्ट, जी बहुतेक जण टाळतात. उन्हात तापलेली पेटी आणि खोलीच्या तापमानाच्या बाटल्या यांच्यावर सुरुवातीलाच बराच बर्फ खर्च होतो. अर्ध्या लिटरच्या चोवीस बाटल्या म्हणजे बारा किलो पाणी. ते ३२ अंशांवरून ५ अंशांवर आणायला चार किलो बर्फ लागतो. म्हणजे तुमच्या पेटीच्या दिवसभराच्या खर्चाचा जवळपास दोन तृतीयांश भाग नुसत्या बाटल्या गार करण्यात गेला. सगळं सामान आदल्या रात्री फ्रीजमध्ये गार करा. पेटीतही आदल्या रात्री दोन-तीन गोठलेल्या बाटल्या टाकून झाकण लावून ठेवा आणि सकाळी त्या काढून नवा बर्फ भरा.

दोन पेट्यांचा आग्रह मी याच कारणासाठी धरतो. लोक म्हणतात की झाकण सारखं उघडल्याने बर्फ जातो. खरं सांगायचं तर झाकण पटकन उघडून बंद केलं तर आत शिरलेल्या हवेपायी जाणारा बर्फ काही ग्रॅमच असतो. बर्फ जातो तो पेयांच्या पेटीत दर तासाला गरम बाटल्या टाकल्याने, आणि मुलांनी झाकण अर्धवट टेकवून ठेवल्याने. ही सगळी उलाढाल थर्माकोलच्या खोक्यात होऊ द्या. तिथला बर्फ दुसऱ्या दिवशी संपला तर संपू द्या, दापोलीहून आणता येईल. जेवणाची पेटी स्वयंपाक करणाऱ्याच्याच ताब्यात राहू द्या. कोंबडी आणि दही एका पेटीत असेल तर कच्चं मांस घट्ट झाकणाच्या डब्यात आणि सगळ्यात खाली, म्हणजे त्याचं पाणी इतर जिन्नसांवर गळणार नाही. अंडी, कांदे, बटाटे, टोमॅटो यांनी पेटीत जागा अडवू नका. सोलकढी मात्र आत हवी, नारळाचं दूध मेच्या उकाड्यात काही तासांत आंबतं.

कुणी इन्सुलिन घेत असेल तर ते बर्फाला चिकटून ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं आणि दिसायला तसंच दिसतं. कापडात गुंडाळून, छोट्या डब्यात, पेटीच्या अगदी वरच्या भागात ठेवा.

मुक्कामाला पेटी सावलीत, जमिनीपासून वर, दोन विटांवर किंवा फळकुटावर ठेवा. तापलेली वाळू खालून बर्फ खाते. वर ओलं गोणपाट टाकायची जुनी पद्धत आहे. ती विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात फार छान चालते. कोकणात मेमध्ये हवेतच इतका दमटपणा असतो की पाणी उडत नाही, त्यामुळे गारवा कमी मिळतो. तिथे गोणपाटापेक्षा जाड गोधडी किंवा झोपायच्या मॅट पेटीवर टाकलेल्या जास्त उपयोगी पडतात. उभ्या गाडीत पेटी ठेवू नका, काचा बंद असलेली गाडी उन्हात भट्टी होते.

आता परतीची मासळी. याच्यासाठीच खरं तर पेटी घ्यायची, कारण किनाऱ्यावर मनासारखी सुरमई मिळाली आणि घरी पोचेपर्यंत ती मऊ पडली, तर इतक्या लांब गेल्याचं चीज होत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, तुम्ही मेच्या सुरुवातीला जाताय ते बरं आहे. हर्णैला लिलाव झाल्यावर मासळी घ्या, पण त्याआधी बर्फाची सोय करा. मासळी हातात घेऊन बर्फ शोधत फिरू नका. जेवणाची पेटी तोवर रिकामी झालेली असेल. ती धुऊन घ्या, तळाला चार बोटं चुऱ्याचा थर द्या. माशाचं पोट साफ करा, कल्ले काढा, पोटातही चुरा भरा. मग मासे, त्यावर चुरा, परत मासे, आणि सगळ्यात वर जाड थर. प्रमाण सोपं आहे: जितके किलो मासळी तितके किलो बर्फ. आठ किलो मासळीला आठ-दहा किलो चुरा, आणि एवढं सगळं पन्नास लिटरमध्ये नीट बसतं.

मासे अख्खेच आणा. तुकडे केले की वितळलेलं पाणी त्यांत मुरतं, चव जाते. करायचेच असतील तर घट्ट डब्यात भरून डबा बर्फात पुरा. बांगडा, सुरमई, कुपा यांच्या बाबतीत तर गारव्याला पर्याय नाही. हे मासे उन्हात राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं, आणि ते कितीही तळलं-शिजवलं तरी जात नाही. तोंड लाल होणं, डोकं दुखणं, अंगाला खाज सुटणं हे त्याचे त्रास. मासा पकडल्यापासून घरच्या फ्रीजपर्यंत बर्फातच राहिला पाहिजे. तुमच्या गळाला लागलेला मासाही याला अपवाद नाही. मुलं फोटो काढणारच, पण दोन मिनिटांत काढा आणि लगेच पेटीत टाका.

पाणी काढायचं की ठेवायचं, यावर खूप वाद ऐकाल. दोन्ही बरोबर आहे, कशासाठी ते बघायचं. बाटल्या आणि बंद डबे असतील तर पाणी राहू द्या, तेही शून्याच्या जवळच असतं आणि रिकाम्या जागेतल्या हवेपेक्षा बरं. मासळी उघडी असेल तर पाणी साचू देऊ नका, ती त्यात भिजत राहते. तळाला प्लास्टिकची जाळी ठेवा आणि दर दोन-अडीच तासांनी गाडी थांबवून पाणी काढा. मंडणगड, माणगाव करत ताम्हिणीने येणार असाल तर थांबे वाटेत मिळतातच. एक विनंती: गाडी चालू असताना बूच उघडं ठेवू नका आणि मासळीचं पाणी डांबरावर ओतू नका. घाटाच्या वळणावर ते तेलकट पाणी पडलं की मागून येणारा दुचाकीस्वार घसरतो. रस्त्याच्या कडेला मातीत, माणसांच्या वस्तीपासून दूर ओता.

कुणी ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) सुचवला तर बंद गाडीत नेऊ नका. तो उणे ७८ अंशांचा असतो, हाताला लागला तर भाजतो, आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड काचा लावलेल्या गाडीत जिवावर बेतू शकतो. मुलं सोबत असताना तर त्याचा विचारही नको.

घरी आल्यावर पेटी साबणाने धुवा, मग खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने, नंतर लिंबाची साल चोळा आणि झाकण उघडं ठेवून दिवसभर वाळवा. झाकण बंद करून ठेवलेल्या पेटीचा वास पुढच्या सहलीत दह्याला लागतो.

आणि जुनी पेटी स्वस्तात मिळत असेल तर घ्यावी का, हेही तुम्ही विचारलं आहे. जरूर घ्या, पण आत हात फिरवून चीर शोधा, विशेषतः तळाच्या कोपऱ्यांत आणि बुचाभोवती. चिरेतून पाणी पफमध्ये शिरलं की भिजलेला पफ उष्णता आत सोडतो, आणि तो वाळवणं घरी जमत नाही. अशी पेटी बाहेरून चांगली दिसते, पण उचलली की तिच्या मापाच्या मानाने जड लागते, आणि बाजूला कलंडवून कान लावला तर आत पाणी हलल्याचा आवाज येतो. तसं असेल तर फुकट मिळाली तरी आणू नका. बाकी ओरखडे, उडालेला रंग, तुटकी कडी याची काळजी करायचं कारण नाही.